आठवड्याचे दोन तास, आणि त्या वेळात घरी कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत सेवेतून मिळणाऱ्या आनंदावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा रात्री सगळं आवरल्यावर, आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. लेखिकेने म्हटलंय की जितका वेळ द्याल तितका आनंद वाढत जातो. लेख मनापासून लिहिलेला आहे, त्यात शंका नाही, पण हे वाक्य वाचून आपल्या भागातल्या कितीतरी बायका पुन्हा एकदा स्वतःलाच दोष देतील की आपण कमी पडतो, म्हणून हे पत्र. मोठं झालंय, छापताना कापलंत तरी चालेल, फक्त शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरला राहते, वय ५७. एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघायचे. चार वर्षांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण त्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आता ८४ वर्षांच्या आहेत, डोकं एकदम शाबूत, उशा लावून टेकवलं की बसतात, पण पलंगावरून खाली उतरणं नाही. मी नोकरी सोडली. कोणी सोड म्हणून सांगितलं नाही, पण दुसरं कोण करणार होतं. पहिलं वर्ष तर असं गेलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, म्हणून मोबाईलमध्ये दिवसरात्रीचे अलार्म लावलेले. त्या वर्षात मला आठवतं तेवढं एकच, की मी कोणाशी तरी दहा मिनिटं आजारपण सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलले असं झालंच नाही. रडू यायचं असंही नाही, काहीच यायचं नाही. टीव्ही लावायचा आणि काय चाललंय ते कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एक काकू, रिटायर्ड टीचर आहेत, त्या म्हणाल्या की अंध मुलांच्या एका होस्टेलमध्ये वाचून दाखवायला माणसं हवीत, तुझं हिंदी वाचन स्पष्ट आहे, येतेस का. मी म्हटलं काकू, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच ये. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, खरंच सांगते.

पण गेले. आणि तिथलं काम काय असतं ते थोडं सांगते कारण बहुतेकांना वाटतं की आता सगळं मोबाईलवर असतं, अंध मुलांना वाचून दाखवायची गरज काय. फोन बोलतो हे खरं आहे, टॉकबॅक असतं, कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए आहे, ते तर फुकट मिळतं आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणानेच सुरू केलेलं आहे, आणि मुलं ते इतक्या स्पीडने ऐकतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. पण कोचिंगच्या नोट्स, जुनी पुस्तकं, कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली पानं, ही सगळी स्कॅन केलेली पीडीएफ असते आणि फोनसाठी तो नुसता फोटो, तो गप्प बसतो. फोटोतली अक्षरं ओळखणारी अ‍ॅप्स आहेत, पण हिंदीची जुनी छपाई, दोन कॉलम, मध्येच तक्ता आला की त्याची खिचडी होते. मग तिथे माणूस लागतो. आणि नकाशा, ग्राफ, आकृती, तिथे तर माणूसच लागतो.

माझ्याकडे एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी तीन मुलं असतात, एक झाबुआकडचा, एक बडवानीचा, तिसरा खरगोनचा. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा, बस एवढंच. मी वाचते, ते ऐकतात, मध्येच थांबवतात, "दीदी, वो लाइन फिर से", आणि त्यातला बडवानीवाला अजून पाटी आणि टोच्याने ब्रेलमध्ये टिपून घेतो, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि मग कागद उलटून डावीकडून वाचायचं. त्याचा तो टकटक आवाज चालू असला की मला बरं वाटतं, म्हणजे माझं वाचलेलं कुठेतरी जातंय, कागदावर उमटतंय. पहिल्या महिन्यात मी घरी येताना रिक्षात बसले की लक्षात यायचं, गेला एक तास मी डोक्यात औषधांच्या वेळा मोजल्या नाहीत.

आता आकडा बघा. आठवड्याला दोन तास म्हणजे वर्षाला १०४ तास. हे मी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. माझी धाकटी मुलगी सायकॉलॉजीत एम.ए. करतेय, तिने आपला तो लेख वाचून मला चार-पाच संशोधनं काढून दाखवली आणि समजावून सांगितली, त्यात शंभर तासांचा आकडा परत परत येतो. २०२० मध्ये अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ १३,००० लोकांवरचा अभ्यास आला, त्यात वर्षाला १०० तास किंवा जास्त सेवा करणाऱ्यांना चार वर्षांनी कमी एकटं वाटत होतं, निराशा कमी होती, जगण्याला काही हेतू आहे असं जास्त वाटत होतं, आणि मृत्यूचा धोकाही कमी दिसला. पण त्याच अभ्यासात हेही आहे की बीपी, डायबिटीस, संधिवात, हृदयरोग यांत काही फरक दिसला नाही. हे दुसरं अर्ध कोणी सांगत नाही. आपल्या लेखातही सेवेने बीपी आटोक्यात येतं असं ठामपणे लिहिलं होतं, ते तेवढं ठाम नाही.

आणि ऑस्ट्रेलियात २००८ चा एक अभ्यास आहे, ६४ ते ६८ वयाच्या दोन हजारांहून जास्त लोकांवरचा, त्याचा प्रश्नच हा होता की सेवा किती झाली म्हणजे जास्त झाली. तर वर्षाला १०० ते ८०० तासांमध्ये असणारे सगळ्यात बरे होते, त्याखालचे आणि त्यावरचे दोन्ही कमी बरे. म्हणजे डोंगरासारखं आहे ते, चढतं, पठार लागतं, मग उतरतं. मला हे वाचून इतकं हायसं वाटलं की काय सांगू, कारण तो उतार मी स्वतः उतरून आले आहे.

मागच्या वर्षी थंडीत. होस्टेलमुळे मला जरा बळ आलं होतं, चेहरा बदलला म्हणायचे सगळे, मग ओळखीतून मी दुसऱ्या एका संस्थेत गेले, संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथे रोज काही ना काही. हेल्थ कॅम्पमध्ये नावनोंदणी, शाळेत वह्या वाटप, कांबळं वाटप, मीटिंगा, आणि दिवसभर ग्रुपवर मेसेज, कोण येतंय कोण नाही, आणि नाही म्हटलं की "ताई, सेवेला वेळ काढावा लागतो". आठवड्याचे वीस-बावीस तास जायला लागले. वर्षभर तसंच चाललं असतं तर हजाराच्या वर गेले असते.

एक सकाळ सांगते. कांबळं वाटायची होती, आम्हाला आठ वाजता बोलावलं, पाहुणे सव्वाअकराला आले. त्या थंडीत पुलाच्या बाजूला राहणाऱ्या बायका सकाळपासून ओळीत बसवून ठेवलेल्या. कांबळं तिथेच ढिगात पडलेली, पण पाहुणे येईपर्यंत द्यायची नाहीत. मग एकेक कांबळं सहा-सात हातांनी धरायचं आणि फोटो. एका म्हातारीने ते ओढून अंगावर घ्यायचा प्रयत्न केला तर आमच्यातलीच एक म्हणाली, "माँजी, रुको, एक और." तिचे हात थरथरत होते आणि कांबळं आमच्या हातात होतं. त्या सात हातांत एक हात माझा होता, आणि मी सोडला नाही. ते मला अजून रात्री आठवतं.

घरी आले तर एक वाजून गेलेला. सासूबाईंजवळ ठेवलेल्या बाईला मी बारापर्यंतच थांबायला सांगितलं होतं, ती निघून गेलेली. आई, म्हणजे सासूबाई, ओल्या चादरीत पडलेल्या, आणि बोलल्या काहीच नाहीत, नुसतं भिंतीकडे तोंड. आणि मी त्यांच्यावर ओरडले. हाक नाही मारता येत का, शेजारी ऐकलं असतं की कोणी, असं काहीतरी. चादर बदलताना त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेनात. बस. त्या दिवसापासून मी ती संस्था सोडली.

आणि त्याच आठवड्यात होस्टेलमधून फोन. खरगोनचा मुलगा. "दीदी, मंगलवार को आप आईं नहीं, हम तीनों बैठे थे." तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगत होता. माझे तीन मंगळवार बुडाले होते आणि मला ते कळलंही नव्हतं, कारण मी सेवाच करत होते ना.

तेव्हापासून मी यावर बराच विचार केला. ज्या तासाला कोणीतरी नेमकी आपलीच वाट बघत असतं तो तास मनाला धरून ठेवतो, आणि जिथे आपण गेलो काय न गेलो काय, फोटोत एक डोकं कमी, तिथे दिवस घातला तरी आत काही उरत नाही. धाकटी म्हणते की आई, हे तुझं मत झालं, पण असू दे, वीस वर्षं हिशेब बघितलेत मी, कुठे जमा होतंय आणि कुठे खर्ची पडतंय ते मला कळतं. इंदूरचंच बघा. २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं आपण देशात स्वच्छतेत पहिले आलो, ते काय एखाद्या दिवशी हजार लोकांनी झाडू हातात घेऊन फोटो काढले म्हणून नाही आलो. कचरा गाडी रोज ठरल्या वेळेला दारात येते आणि आपण डबे घेऊन उभे असतो, म्हणून आलो. सेवेचंही तसंच आहे असं मला वाटतं, थोडं, पण ठरलेलं.

आता कोणी म्हणेल की मुळात जे आनंदी असतात तेच सेवेला जातात, म्हणून ते आनंदी दिसतात. ही शंका बरोबर आहे, मलाही आली होती, आणि संशोधनातही दिसतं की दोन्हीकडून असतं, बऱ्या मनाची माणसं जास्त वेळ देतात आणि वेळ दिल्याने मन आणखी बरं राहतं. पण यात एक गोष्ट मला फार पटली. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या तेव्हा पूर्व जर्मनीतले कितीतरी क्लब, कारखान्यांना जोडलेली खेळाची मंडळं वगैरे एका झटक्यात बंद पडली. तिथे काम करणाऱ्या लोकांनी सेवा सोडली नव्हती, सेवेची जागाच गेली. आणि ज्यांची ती गेली त्यांचं समाधान, ज्यांची गेली नाही त्यांच्यापेक्षा जास्त घसरलं. दोन स्विस अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये हे मांडलं. मला आपल्या मिलच्या कामगारांची आठवण आली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पगार गेला तो गेलाच, पण अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला देखावा, रात्र-रात्र जागून करणारे हात होते, बाकीच्या मिलही बंद झाल्या, आणि तरी त्या लोकांनी वर्गण्या काढून झांक्या सोडल्या नाहीत. लोक म्हणतात परंपरा म्हणून. मला वाटतं त्यांना आतून माहीत होतं की हेही गेलं तर आपलं काय राहील.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणत्याच लेखात वाचायला मिळाली नाही. घरात मी दिवसाचे चोवीस तास सेवाच करते ना, मग तिने मन का थकतं आणि बाहेरच्या दोन तासांनी का उभारी येते? ही गोष्ट बोलायची लाज वाटते आपल्याकडे. आपली माणसं सोडून परक्यांसाठी धावते, असं मला माझ्या नणंदेने तोंडावर सांगितलंय. पण आईंवर माझं प्रेम नाही म्हणून असं होतं का, तर नाही. घरच्या कामाला बारा वाजत नाहीत, एवढंच आहे ते. होस्टेलमध्ये बारा वाजले की पुस्तक मिटायचं, मुलं थँक्यू दीदी म्हणतात, आज किती पानं झाली ते कळतं. घरात पान उलटतच नाही. आज आंघोळ घातली, उद्या परत, आणि तब्येत सुधारणार नाही हे आईंनाही माहीत आणि मलाही. शिवाय तिथे मी स्वतःहून जाते आणि उद्या बंद करायचं ठरवलं तर करू शकते, घरात तसं नसतं. ज्या सेवेला नाही म्हणता येतं तीच मनाला हलकं करते, असं मला तरी वाटतं. म्हणून आपल्या लेखातलं ते वाक्य घरी आजारी माणूस असलेल्या बाईला लागू करू नका. तिची सेवा कमी पडत नाहीये. तिला वेगळे दोन तास हवेत.

एक आणखी, घाईत लिहिते पण महत्त्वाचं आहे. माझ्या भाचीच्या मैत्रिणीला खरोखरचं डिप्रेशन होतं, झोप नाही, जेवण नाही, आणि घरचे तिला सांगत होते की जरा समाजसेवा कर, बरं वाटेल. असं करू नका. ज्याला उठून दात घासवत नाहीत त्याला सेवेला पाठवणं म्हणजे मोडक्या पायाला पळ म्हणणं. तिथे डॉक्टरच लागतो. सरकारची टेलिमानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, कधीही लावा. सेवा नंतर, बरं वाटायला लागल्यावर.

आणि तरुण मुलांना पण जबरदस्ती नको. ब्रिटनमधल्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात सेवा आणि मनाचं स्वास्थ्य यांचा धागा साधारण चाळिशीपासून पुढेच दिसला, त्याआधी फारसा नाही. याचा अर्थ तरुणांनी करू नये असा नाही, शुक्रवारी माझ्या घरी आईंजवळ बसायला जी मुलगी येते ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजच्या एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत आहे, त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, आणि माझ्या घरचा तास कॉलेजच्या वहीत लागत नाही तरी ती येते. आईंकडून ती विणकाम शिकते आणि आईंना मोबाईलवर भजनं लावून देते. तिला काय मिळतं ते मी विचारलेलं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या लोकांवरचा अभ्यास आला होता, १९५७ मध्ये शाळा संपवलेली ती सगळी माणसं, म्हणजे तेव्हा साठीच्या पुढची, त्यात दिसलं की दुसऱ्यासाठी म्हणून जे सेवा करत होते ते पुढच्या चार वर्षांत कमी दगावले, आणि स्वतःला बरं वाटावं एवढ्याचसाठी जे करत होते त्यांच्यात आणि काहीच न करणाऱ्यांत फरक नव्हता. म्हणून कोणाला सेवेला बोलावताना तुला बरं वाटेल म्हणून बोलावू नये. तिथे मुलं बसून आहेत, त्यांना वाचून हवंय, असं सांगावं. काकूंनी मला हेच सांगितलं होतं.

आता लोकरीची गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात भूगोल चालू होता, नर्मदा. मी वाचलं, अमरकंटकला उगम, लांबी १,३१२ किलोमीटर, विंध्य आणि सातपुडा यांच्या मधून पश्चिमेकडे, डावीकडून तवा येते वगैरे. झाबुआवाला म्हणाला, "दीदी, बीच में से मतलब कैसे?" मी त्याच्या तळहातावर बोटाने रेघ ओढून दाखवली, त्याने मूठ मिटून घेतली आणि परत उघडून म्हणाला, अब चली गई. खरंच होतं, हातावरची रेघ किती वेळ राहणार.

त्या रात्री मी पुठ्ठा घेऊन बसले, आईंच्या पलंगाशीच, कारण दुसरीकडे बसायला वेळ कुठला. फेविकॉलने लोकर चिकटवून नदी करायची असं ठरवलं. आई बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, कसलं करतेस? सांगितलं. त्यांच्या विणकामाच्या जुन्या गुंड्या कपाटात होत्या, चार वर्षं कोणी हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या, ती निळी जाड आहे ती घे, नर्मदा बारीक कशाला करतेस. मग विंध्यासाठी सँडपेपर आणि सातपुड्यासाठी गोणपाटाची पट्टी, बोटांना दोन्ही वेगळं कळलं पाहिजे म्हणून. आणि ओंकारेश्वरपाशी आल्यावर त्यांनी माझा हात थांबवला. तिथे बेट आहे, म्हणाल्या, धागा फोड, दोन कर, आणि मध्ये काहीतरी लाव. त्यांच्याच जुन्या स्वेटरचं एक चपटं बटण लावलं. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर होडीतून त्या बेटाला वळसा घालून आल्या होत्या, ते सगळं त्यांनी त्या रात्री सांगितलं, होडीवाला काय म्हणाला, कुठे भोवरा होता, आणि साडेबाराचा अलार्म वाजला तेव्हा कूस बदलायची आहे हे आम्हा दोघींच्या लक्षात आलं.

शुक्रवारी तिन्ही मुलांनी त्या पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत. बटणापाशी खरगोनवाला थांबला आणि म्हणाला, "ये ओंकारेश्वर है ना?" मी काही बोलले नव्हते. घरी येऊन आईंना सांगितलं, तर त्यांनी तीनदा विचारलं, बटणावर हात गेला त्याचा? स्वतःहून ओळखलं?

आता त्या दर सोमवारी आणि गुरुवारी विचारतात की उद्या काय आहे. मूठभर लोकर गुंडाळून देतात. चार वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या, आता खिडकीकडे करतात, उजेडात रंग दिसावे म्हणून. त्यांचा पाय बरा झालेला नाही आणि होणार नाही, दुखणं तेवढंच आहे, औषधं तेवढीच आहेत.

हे सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. मी मंगळवारी जाऊ शकते कारण सुदामा नगरहून माझ्या जाऊबाई येऊन बसतात, शुक्रवारी ती मुलगी. ज्या घरात जाऊ नाही आणि शेजारची मुलगी नाही तिथल्या बाईने काय करायचं? आपल्या मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, देशात पहिला, त्यांचे स्वयंसेवक आनंदक म्हणून नावं नोंदवतात, चांगलं आहे, पण माझ्या गल्लीत घरात माणूस सांभाळणाऱ्या पाच बायका आहेत आणि त्यांच्या दाराशी अजून कोणी आलेलं नाही. आपली इतकी मराठी मंडळं आहेत इंदुरात, गणपती, कोजागिरी, नाटकं, हळदीकुंकू, सगळं दणक्यात होतं, व्हावंच. त्यांनी एक वही ठेवावी. एका बाजूला, कोणत्या घरात कोणाजवळ दोन तास बसायला माणूस हवं, लोकमान्य नगर, रामबाग, वैशाली नगर, आमचं राजेंद्र नगर. दुसऱ्या बाजूला, कोण आठवड्याला दोन तास देऊ शकतं, आणि वार कोणता. दोनच तास, जास्त देतो म्हणणाऱ्यालाही आधी दोनच द्यावे, सहा महिने टिकला तर बघू. ओळखीची माणसं, पहिल्या दोन वेळा मंडळातलं कोणीतरी बरोबर, आणि कूस कशी बदलायची, पाणी कसं पाजायचं हे एखाद्या नर्सबाईंनी एका दुपारी शिकवावं. फोटो नको. आणि जिच्या घरी जाल तिने त्या दोन तासांत काय करायचं ते तिला विचारू नका. ती सेवेला जाईल, झोपेल, सराफ्यात जाऊन नुसती फिरून येईल, तिचं तिला.

आपण पेपरात आठवड्यातून एकदा यासाठी छोटी चौकट ठेवलीत तर फार उपकार होतील. वही ठेवायला कोणी तयार नसेल तर आमच्या भागाची मी ठेवते, माझा नंबर आपल्या ऑफिसात देऊन ठेवलाय.

या शुक्रवारी चंबळ आहे. उगम इथलाच, महूजवळ जानापावला, पण पुढे ती पार यूपीपर्यंत जाते आणि आईंकडची हिरवी लोकर पुरणार नाही असं त्या म्हणतायत. मी म्हटलं पुढची करडी जोडू. त्या म्हणाल्या नाही, नदी एकच आहे, मध्येच रंग कसा बदलेल, बाजारातून आण. तर उद्या आधी लोकर आणायची आहे.

आपली एक नेहमीची वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर